खरपुडीचा काटा

रश्तमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या ओट्यावर
एक पांढरं गोलमटोल भांडं बसलेलं असतं.
पोटाला एक चकती, चकतीला एक काटा.
चाळिसावर नुसता भात.
साठावर तळाशी खरपूड, बिस्किटाच्या रंगाची.
नव्वदावर, धाकट्या तरलानच्या मते, स्वर्ग,
माझ्या मते दातांच्या डॉक्टरचं बिल.

मी बसस्टँडवर तिकिटं देते, खिडकी नंबर चार.
सहाला सुटते, साडेसहाला चपला दारात,
सहा पस्तीसला तांदूळ पाण्यात.
तीनदा धुवायचे. चौथं पाणी जरा गढूळ राहिलं
तर राहू द्यायचं,
तांदळाला कुठे मुलाखतीला जायचंय.
वर पाणी बोटाच्या पहिल्या पेराएवढं,
मीठ, लोण्याचा गोळा,
तळाला बटाट्याच्या चकत्या एकमेकींना खेटून,
झाकणाला फडकं, थंडीत टापशी बांधावी तसं.
काटा फिरवला
की पुढचा तास माझा.

त्या तासात मी पाय वर घेऊन बसते.
तरलानचे अपूर्णांक पूर्ण करते.
मिक्सरमध्ये अक्रोड टाकते:
आधी तो किंचाळतो, मग नुसता घरघरतो,
मग तेल सुटलं की मऊ, गप्प.
माझ्या दिराचं लग्नानंतर असंच झालं.

"बटण दाबायचं, आणि त्याला रांधणं म्हणायचं!"
हे माझे सासरे, बहराम-आगा.
चाळीस वर्षं लग्नांचा भात केला त्यांनी.
लोक शितावरून भाताची परीक्षा करतात,
हे आवाजावरून करायचे:
डेगीला कान जवळ नेऊन सांगत
आत पाणी उरलंय की नुसती वाफ.
डाव्या हातावर कोपरापर्यंत
एका गुरुवारच्या लग्नाचा चटका आहे.
नवरीचं नाव गेलं विसरून,
भात आठवतो. नव्वद किलो,
एक शीत मोडलं नव्हतं.

आमच्या भांड्याला ते डॉक्टरीणबाई म्हणतात.
पांढरा कोट, तासभर एक शब्द नाही,
आणि शेवटी फक्त
टक्.

त्यानंतर मात्र सगळे ओट्यापाशी.
भांड्यावर ताट पालथं ठेवायचं,
दोन्हीकडून फडक्याने धरायचं,
श्वास रोखून
उलटं!
क्षणभर काहीच होत नाही.
मग आतल्या आत
मांजराने माळ्यावरून उडी टाकावी तसा धप्प,
आणि ताटात अख्खा भात उभा,
डोक्यावर चकत्यांची टोपी घालून.
पहिला तुकडा मोडला की भांडण सुरू.
नवऱ्याला कडेचा, तरलानला मधला,
मला कुणी न बघता उचललेला.

गेले काही दिवस एक गोष्ट लक्षात येत होती.
मी साठावर ठेवायचे,
खरपूड निघायची साठाच्या पुढची.
तांबूस, कुरकुरीत, जवळजवळ उर्मट.
मी तरलानला रागावले. तिने कानावर हात ठेवले.
भांडं बिघडलं म्हणाले. नवरा म्हणाला, बिघडू दे.

काल तोंड धुऊन बाहेर आले, तर
स्वयंपाकघरात दिवा नव्हता लावलेला.
बहराम-आगा ओट्याशी वाकलेले,
डॉक्टरीणबाईच्या पोटाजवळ कान,
डोळे मिटलेले,
आणि चटक्याचा हात चकतीवर.
पाच मिनिटं. मग थोडं थांबून,
अजून दोन.

मी टॉवेल घेऊन तशीच मागे सरले.

जेवताना म्हणाले, "यंत्राच्या मानाने बरं आहे."
आणि ताट पुढे केलं, तिसऱ्यांदा.

आजपासून मी काटा पन्नासावर ठेवते.
पुढचं त्यांचं.